शिट्टी नसलेला कुकर

दिवाळी आटोपली आणि आमची मंडळी मुलीजवळ अमरावतीला राहायला गेली. मुलगी बारावीला, सोबत नीटचा क्लास. होस्टेलचं जेवण तिला काही केल्या मानवेना, म्हणून एक खोली भाड्याने करून मायलेकींनी तिथेच राहायचं असं ठरलं. इकडे दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात उरलो मी आणि माय. मायचं वय ऐंशीच्या वर, तोंडात मोजून चार दात, आणि बाहेर कापसाची वेचणी ऐन भरात. बाया आठला वावरात येतात, त्यांच्या आधी मला तिथे असावं लागतं. संध्याकाळी कापूस मोजून, गाडीत भरून घरी यायला सात वाजतात. मधल्या वेळात मायच्या पोटात काहीतरी मऊ आणि गरम पडलं पाहिजे.

मला स्वयंपाक अगदीच येत नव्हता असं नाही. पोहे येत होते.

घरात चूल आहे, गॅस आहे, आमच्या लग्नात आलेला कुकरही आहे. पण त्या कुकरला जवळ माणूस लागतो. शिट्ट्या मोजायच्या, आच बारीक करायची, वेळेवर बंद करायचं. मायचे कान अजून शाबूत आहेत, शिट्ट्या ती माझ्यापेक्षा बरोबर मोजते. पण गुडघ्यांमुळे तिला ओट्यापाशी उभं राहवत नाही. एकदा पदर एका हातात धरून ती गॅसची चावी चाचपत होती, ते दारातून पाहिलं आणि माझ्या पोटात गोळा आला. त्याच रात्री नागपूरच्या साळ्याला फोन केला. तो म्हणाला, "भाऊजी, इलेक्ट्रिक मल्टिकुकर घ्या. सामान टाका, बटन दाबा आणि वावरात जा. शिजलं की आपोआप बंद होते."

एवढ्या एका वाक्यावर मी साडेसात हजार मोजले. 2024-25 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7521 रुपये होता, म्हणजे सरळ हिशेब करायचा तर एक क्विंटल कापूस देऊन एक भांडं घरात आलं. बाजारात त्या भावाने कापूस विकला गेला असता तर हा हिशेब आणखी सरळ झाला असता, पण तो विषय वेगळा.

कुरिअर आमच्या गावापर्यंत येत नाही. खोकं दारव्ह्याहून मोटारसायकलवर, पोत्यासारखं मागे बांधून आणलं. उघडलं तर आत सहा लिटरचं स्टीलचं भांडं, ते ज्यात बसतं ते बाहेरचं यंत्र, जड झाकण, त्याच्या आत सिलिकॉनची रिंग, वाफ सोडायची खिट्टी, एक प्लास्टिकचं माप, एक जाळीची तिवई आणि इंग्रजी-हिंदीतलं पुस्तक. समोरच्या बाजूला चौदा बटनं. राइस, दाल, खिचडी, योगर्ट, सॉटे, डिले स्टार्ट, कीप वॉर्म… आणि एक केकचं. केकचं बटन पाहून माय काही बोलली नाही, कारण तिला ते वाचता येत नाही, पण मला मात्र ओशाळल्यासारखं झालं.

खरी पंचाईत प्लगपाशी झाली. त्याच्या पिना जाड, 16 अँपिअरच्या, आणि स्वयंपाकघरातल्या बोर्डात त्या शिरेचनात. घरात तसला पॉइंट एकच, तोही पाण्याच्या मोटारीसाठी, मागच्या ओसरीत. पहिल्या रात्री साडेसात हजारांचा कुकर मोटारीच्या शेजारी, कडब्याच्या कुट्टीजवळ बसून होता. शेजारचा पोरगा म्हणे, काका, अडॅप्टर लावा. गावातला वायरमन सकाळी आला तो आधी त्या पोरावर ओरडला. म्हणाला, अडॅप्टरने बोर्ड वितळते, दोन घरची पाहून आलो. त्याने मीटरपासून स्वयंपाकघरापर्यंत अडीच एमएमची नवी वायर ओढली, मोठा पॉइंट बसवला आणि मग होल्डरमधला बल्ब घेऊन तपासायला बसला. फेज आणि न्यूट्रलमध्ये बल्ब लागला. फेज आणि अर्थिंगमध्ये लावून पाहिला तर मिटलेलाच. घर बांधून अठरा वर्षं झाली, सगळ्या बोर्डांना तीन-तीन भोकं आहेत, आणि तिसरं भोक इतकी वर्षं नुसतं शोभेला होतं! कूलरला हात लागला की उन्हाळ्यात झिणझिण्या येतात त्या का, हे मला त्या दिवशी कळलं.

मग मागच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा. काळ्या मातीत सहा हात पाइप उतरवायचा, भोवती कोळसा आणि जाड्या मिठाचे थर द्यायचे, वरून पाणी सोडायचं. मीठ ओल धरून ठेवतं आणि ओल असली की वीज जमिनीत उतरते. मी मिठाचं पोतं घेऊन खड्ड्यापाशी बसलो होतो तर माय दारातून म्हणाली, "काऊन रे, मीठ पुरून कोनावर करणी करून राहिला?"

नवं भांडं घेणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की पाककृती मागाहून पाहा, आधी भिंतीतलं तिसरं भोक तपासून घ्या. स्टीलचं भांडं, पाणी आणि वीज एका जागी येणार असतात.

पहिला दिवस नुसत्या पाण्याचा. पुस्तकात तसंच लिहिलं होतं: तीन मापं पाणी घाला, झाकण लावा, खिट्टी बंद करा, पाच मिनिटं चालवून पाहा. माय समोर बाजेवर येऊन बसली. भांडं तापू लागलं, खिट्टीजवळून थोडी फुसफुस झाली, झाकणावरची लाल पिन टुपकन वर आली आणि मग सगळं चिडीचूप. आकडा तेवढा पाचावरून चारावर, चारावरून तीनावर येत होता. माय कान देऊन ऐकत होती. शेवटी टीं-टीं वाजलं.

"शिट्टी नाई झाली."

"याले शिट्टी नसते माय."

"मंग शिजलं कसं समजते?"

मी म्हणालो, यंत्राला समजतं. पुढचा दीड महिना माझा जो काही अभ्यास झाला तो या उत्तराची पोल उघडणारा होता.

दुसऱ्या दिवशी भात लावला. घरात एचएमटी तांदूळ असतो. हा तांदूळ आमच्याच विदर्भातला, चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात निवडून तयार केलेला. नाव पडलं ते तेव्हा गाजत असलेल्या एचएमटी घड्याळावरून. बारीक दाणा, मऊ शिजतो, मायला चालतो. बायको कुकरला एका वाटीला दोन वाट्या पाणी घालते हे मला पाठ होतं. तसंच घातलं. झाकण उघडलं तर आत खळ. भात म्हणावा तर हलत होता, पेज म्हणावी तर चमचा उभा राहत होता. गॅसवरच्या कुकरमधून प्रत्येक शिट्टीबरोबर पाणी उडून जातं, म्हणून तिथे दुप्पट लागतं. इथे शिट्टीच नाही, तर पाणी जाणार कुठून? आता मी एका वाटीला सव्वा वाटी पाणी घालतो. मायसाठी दीड. तो गिचका भात मायने ताक घालून दोन्ही वेळा खाल्ला आणि वर म्हणाली, असाच करत जा. तेव्हा त्याला चूक म्हणावं की नाही हेही मला ठरवता आलं नाही.

वरण मात्र सोपं नव्हतं.

पहिल्या वरणाच्या दिवशी मी सॉटे दाबून त्याच भांड्यात फोडणी दिली. कांदा, लसूण, वायगावची हळद, भिवापुरी मिरचीचं तिखट. मग वरून डाळ, पाणी, झाकण. सात-आठ मिनिटांनी पडद्यावर आकडा जाऊन इंग्रजीत 'बर्न' आलं आणि यंत्र थांबलं. वास तर चांगला येत होता. सराट्याने ढवळून पाहिलं तेव्हा तळाशी मसाल्याची खरपुडी हाताला लागली. गॅसवर असं थोडं लागलं तर आपण म्हणतो, चव आली. इथे तळाखाली उष्णता मोजणारी कळ असते. तळाला काही चिकटलं की तिथली उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, तळ नको इतका तापतो, आणि यंत्र हात वर करतं. फोडणी झाली की वाटीभर पाणी टाकून तळ खरवडून घ्यायचा, मगच डाळ घालायची, हे त्या दिवशी शिकलो.

त्याच वरणाचा दुसरा अंक लगेच झाला. खरपुडी काढली, पुन्हा लावलं, टीं-टीं झालं. मला वावरात जायची घाई. खिट्टी फिरवली आणि समोरच्या भिंतीवर पिवळा फवारा! भिंत, कॅलेंडर, लाल मिरच्यांची बरणी, माझी बंडी, सगळं हळदीचं. नोव्हेंबरचे आठवडी बाजाराचे सगळे वार वरणाखाली गेले. मुलीला फोनवर सांगितलं तर ती आधी पोटभर हसली, मग समजावलं, "बाबा, आत दाब असतो म्हणून पाणी शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही. तुम्ही दाब एकदम काढला, मग ते सगळं एकाच वेळी उकळलं. अकरावीत आहे ते." यंत्राच्या मागच्या पट्टीवर आतल्या दाबाचा आकडा 70 केपीए लिहिलेला आहे. तिच्या हिशेबाने आतलं पाणी 115 अंशांच्या आसपास असतं. गॅसवरच्या कुकरमध्ये शिट्टीच्या वेळी ते 120 च्या पुढे जातं. म्हणजे माझं नवं, महागडं यंत्र जुन्या कुकरपेक्षा थोडं थंडच शिजवतं, त्याला वेळही थोडा जास्त लागतो. साळा हे बोलला नव्हता.

पातळ आणि फेसाळ पदार्थांची वाफ आता मी सोडतच नाही. पिन आपली आपण खाली बसू देतो. त्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि त्या वेळात आतलं आणखी शिजतं, ते वेगळंच. डाळ भांड्याच्या अर्ध्याच्या वर जाऊ देत नाही.

इतकं करूनही डाळ शिजेना. पुस्तकात तुरीच्या डाळीला दहा मिनिटं लिहिली होती. दहा मिनिटांनी उघडलं की दाणा न् दाणा वेगळा, वर पाणी तरंगतंय. पंधरा दिली, तीच गत. वीस दिली तेव्हा कुठे घोटता आली, आणि तरी मध्येमध्ये कणी. डाळ घरची आहे. मारोती वाणाची तूर, शेजारच्या गावात बचत गटाकडे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी दाल मिल आहे तिथून काढून आणलेली, वर्ष सव्वा वर्ष कोठीत पडलेली. मी दोष डाळीला दिला. जुनी झाली की डाळ शिजायला अडून बसते हे खरंच आहे. माय म्हणाली, "डाळ नाई अडत. पानी अडते." आणि मग सांगितलं की ती सून म्हणून या घरात आली तेव्हा प्यायला विहिरीचं पाणी असे, पण वरणासाठी म्हणून एक गुंड नदीवरून वेगळा येई. "डाळीले नदीचंच पानी लागे. इहिरीच्या पान्यानं सासू बोलणे खाऊ घाले."

मी हे तपासून पाहायचं ठरवलं. आमच्याकडे दोन पाणी आहेत: अंगणातल्या बोअरचं, जे कधीही मिळतं, आणि धरणावरून येणारं नळ योजनेचं, जे आठवड्यातून तीनदा येतं. बोअरच्या पाण्याने बादलीच्या आत पांढरी खपली धरते, साबणाला फेस येत नाही. मी दोन सारखे स्टीलचे डबे घेतले. दोन्हींत प्लास्टिकच्या मापाने एक-एक माप डाळ, तीच डाळ, एकाच मुठीतली. एका डब्यात अडीच मापं बोअरचं पाणी, दुसऱ्यात अडीच मापं नळाचं. नळाच्या डब्याला ओळखीसाठी दोरा बांधला. भांड्यात तळाला पाणी, त्यावर तिवई, तिवईवर दोन्ही डबे शेजारी-शेजारी, आणि बारा मिनिटं. पिन बसेपर्यंत माय आणि मी दोघंही तिथून हललो नाही.

दोऱ्याच्या डब्यातली डाळ पळीने टेकवली की दबत होती, लोण्यासारखी. दुसऱ्या डब्यातला एक दाणा मी बोटांत धरून चिमटला तर तो मधोमध फुटला आणि आत पांढरी रेघ दिसली. भांडं एक, आच एक, वेळ एक. मायने दोन्ही डब्यांत एकेक बोट घातलं, चाखलं, आणि मला काही म्हणायच्या भानगडीत न पडता बाजेवर जाऊन बसली.

मुलीने नंतर कारण सांगितलं ते असं, की जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं, ते डाळीच्या पेशींना जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला धरून बसतं, म्हणून दाणा विरघळत नाही. आंबटाचंही तसंच. आंबाडीची भाजी करताना किंवा भेदरं, म्हणजे टोमॅटो, घालताना ते आधी टाकलं तर डाळ अडते. आधी डाळ शिजवायची, आंबट मागाहून. हेही मायला माहीत होतंच, मी विचारलं नव्हतं म्हणून तिने सांगितलं नव्हतं. नळ आला नाही त्या दिवशी बोअरच्या पाण्यात अगदी चिमूटभर खायचा सोडा घालतो. जास्त झाला तर वरणाला साबणासारखी चव येते, तीही मी एकदा घेऊन पाहिली आहे.

तर पुस्तकात छापलेली दहा मिनिटं ही कुठल्या तरी दुसऱ्या गावच्या पाण्याची आणि याच वर्षीच्या डाळीची होती. तिथून मी पुस्तक मिटून ठेवलं आणि कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने आपली यादी लिहायला लागलो. डाळ, नळ: 12. डाळ, बोअर, भिजवून: 18. भात: 6. हरभरे, रात्रभर भिजलेले: 25. ज्वारीच्या कण्या: डब्यात, 15.

पण ही यादीही संध्याकाळी खोटी ठरायची. सकाळी पाऊण तासात ताटात येणारं वरण संध्याकाळी सातनंतर लावलं तर सव्वा तास घ्यायचं. आधी वाटलं यंत्र बिघडलं. मग लक्षात आलं की बारा मिनिटं ही बारा मिनिटंच राहतात, वेळ खातो तो पिन वर येण्याआधीचा काळ. हे यंत्र घड्याळ सुरू करतं ते आत पुरता दाब भरल्यावर, बटन दाबल्यावर नाही. वायरमनने मीटर लावून दाखवलं: पहाटे 228 व्होल्ट, संध्याकाळी साडेसातला 175. त्या वेळी सगळ्या गावात दिवे, टीव्ही आणि दोन पिठाच्या चक्क्या एकदम चालू असतात आणि डीपी, म्हणजे गावाला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, एकच. मी म्हणालो, पाऊणपट व्होल्टेज आहे ना, मग पाऊणपट तापलं पाहिजे. मुलीने फोनवरच दुरुस्त केलं. "बाबा, ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे कमी होते. पाऊण गुणिले पाऊण करा." 1000 वॅटचं यंत्र 175 व्होल्टवर जेमतेम 580 वॅटचं राहतं. हे दहावीत असतं म्हणे. माझ्या दहावीत होतं की नाही ते मी सांगत बसलो नाही.

आता ज्या कारणासाठी हे सगळं मांडलं ते डिले स्टार्ट. सकाळी सहाला सगळं भरून ठेवायचं, यंत्राला सांगायचं की चार तासांनी सुरू हो, अकराला मायने गरम जेवायचं. पहिले दोन दिवस झकास. तिसऱ्या दिवशी नऊच्या सुमाराला डीपीवरचा डीओ, म्हणजे फ्यूज, उडाला. लाईन पाऊण तासाने आली, पण यंत्राला आपण कशासाठी थांबलो होतो ते आठवेना. पडदा नुसता उजळून बसला. मला वावरात काही पत्ता नाही. दोन वाजता जेवायला म्हणून आलो तर माय यंत्रासमोर खुर्ची घेऊन बसलेली. डबे तसेच, डाळ पाण्यात फुगलेली, तांदूळ पांढरे. मी विचारलं, शेजारच्या काकीला हाक का नाही मारलीस? म्हणाली, "मले वाटलं, याले येळ लागते."

शिट्टीचा कुकर असता तर तिला साडेदहालाच कळलं असतं की काही होत नाहीये. माझ्या या गप्प यंत्रासमोर ती तीन तास बसून राहिली. त्या दिवशी बाया वावरात आणि मी घरात. पोळ्या येत नाहीत म्हणून तिला दुधात चिवडा भिजवून दिला.

त्यानंतर डिले स्टार्टचं बटन मी दाबलेलं नाही. पहाटे साडेपाचला उठतो. त्या वेळी व्होल्टेज पूर्ण असतं आणि लाईन सहसा जात नाही. भांड्याच्या तळाला पाणी, तिवई, खालच्या डब्यात डाळ, वरच्यात तांदूळ. ही एकावर एक डब्यांची युक्तीही मायचीच. मी रोज तळ घासताना पाहून ती एकदा म्हणाली होती, "डबे ठिवत जा ना आत, आपल्या कुकरवानी." डब्यात शिजवलं की तळाला लागायचा प्रश्न नाही, 'बर्न' नाही, आणि भांडं धुवायलाही सोपं. दोन्हींना बारा मिनिटं देतो. भात जास्त मऊ होतो, तो तसाच हवा असतो. तोवर मी दूध काढून येतो. टीं-टीं झालं की प्लग काढायचा, झाकण उघडायचं नाही, आणि सगळं यंत्र जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवायचं. अकरा वाजता उघडलं तरी वरण चांगलं गरम असतं. मोठमोठ्या चौदा बटनांच्या यंत्राला शेवटी गोधडीच लागली.

ज्वारीच्या कण्यांनी मायला या भांड्याच्या बाजूला वळवलं. दात गेल्यापासून तिची भाकर सुटल्यासारखीच झाली होती, दुधात कुस्करून थोडी खायची. कण्या गॅसवर करायच्या तर ढवळत उभं राहावं लागतं, गुठळ्या होतात, हातावर शिंतोडे उडतात. डब्यात एक वाटी कण्या, चार वाट्या पाणी, मीठ, पंधरा मिनिटं. वरून कच्चं तेल आणि जवसाची चटणी. पहिल्या दिवशी तिने वाटी पुसून खाल्ली.

खिरीने मात्र दगा दिला. तांदळाची खीर केली, वेलची घातली, सगळं जसंच्या तसं. पहिल्या चमच्यालाच माय थांबली. "खिरीले लसणाची फोडणी देल्ली का रे?" सिलिकॉनच्या रिंगमध्ये महिनाभराच्या फोडण्यांचा वास मुरलेला होता. रिंग लिंबाच्या पाण्यात उकळून पाहिली, उन्हात टाकून पाहिली, वास निम्मा गेला, निम्मा तिथेच. आता गोडासाठी दुसरी रिंग मागवली आहे. दोन्ही सारख्या दिसतात म्हणून तिखटाच्या रिंगला तोच डाळीवाला दोरा बांधला आहे. झाकणात बसवताना सोडायचा, काढल्यावर बांधायचा.

आणि दही. डिसेंबरात आमच्याकडे थंडी अशी पडते की विरजण लावलेलं दूध सकाळी दूधच असतं. माय पूर्वी गंज गोधडीत गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवायची. आता चूल रात्रभर कोण धुमसत ठेवणार? योगर्टचं बटन मी तसं विसरलोच होतो. म्हशीचं दूध उकळून, बोट बुडेल इतपत कोमट करून, चमचाभर विरजण लावून रात्री नऊला त्यात ठेवलं. आठ तास. या बटनावर ते दुधाला चाळीस-बेचाळीस अंशांच्या आसपास उबेत ठेवतं, बाकी काही करत नाही. पहाटे झाकण काढलं तर सुरी फिरवावी असं घट्ट. तेव्हापासून शेजारच्या दोन घरचं विरजणही रात्री आमच्याच भांड्यात मुक्कामाला असतं, वेगवेगळ्या डब्यांत. पहाटे ते डबे काढल्याशिवाय माझं वरण लागत नाही, एवढी एक नवी कटकट त्यातून झाली.

जमत नाही ते जमत नाही. झुणका यात करू नये. भाकर, रोडगे, वांग्याचं भरीत यांना विस्तव लागतो. केकचं बटन अजून कोरं आहे.

संक्रांतीला मायलेकी आल्या. बायकोने आधी स्वयंपाकघर पाहिलं, कॅलेंडरवरचे पिवळे डाग पाहिले, मग कपाटाचं दार उघडून पेन्सिलीची यादी वरपासून खालपर्यंत वाचली. तीत तोवर सतरा ओळी झाल्या होत्या, चार खोडलेल्या. काही बोलली नाही. पदर खोचून डाळ धुतली, डबा आत ठेवला, झाकण लावलं आणि सवयीने विचारलं, "किती शिट्ट्या करता हो तुम्ही याला?"

मी उत्तर देणार तेवढ्यात बाजेवरून माय बोलली, "त्याले शिट्टी नसते व. लाल पिन पाहा लागते. आन् पानी नळाचं घेतलं का तूनं?"

बायकोने बोअरचं घेतलं होतं. डबा बाहेर काढला, पाणी ओतलं, आणि डाळ पुन्हा धुतली.